आंगीना घशाचा की छातीचा? जर्मन डिस्चार्ज पत्र इंग्रजीत करताना

जर्मनीत आजारी पडून परतलेल्या कुणाचं तरी डिस्चार्ज पत्र इथल्या विमा कंपनीसाठी इंग्रजीत करायचं असलं, की नवखा अनुवादक लांबलचक शब्दांना बिचकतो. ते आपण शब्दकोशात बघतोच. फसवतात ते ओळखीच्या तोंडवळ्याचे छोटे शब्द. तिथे तीन वाटा असतात: शब्द जसाच्या तसा उचला, इंग्रजीतला डॉक्टर म्हणेल ते लिहा, किंवा मूळ अक्षरं राहू द्या आणि विचारा. मी बहुतेक वेळा दुसरी वाट धरतो. सरसकट मात्र नाही.

पहिली वाट कुठे नेते ते 'आंगीना'त दिसतं. जर्मन माणूस 'मला आंगीना झालाय' म्हणतो तेव्हा सहसा त्याचे टॉन्सिल सुजलेले असतात. हृदयाच्या दुखण्याला 'आंगीना पेक्टोरिस' असं पूर्ण नाव आहे. इंग्रजीत मात्र नुसतं 'अँजायना' म्हटलं की हृदयच. रोमन लिपीत दोन्हींचं स्पेलिंग एक, म्हणून डोळा घसरतो. (देवनागरीत लिहिलं असतं तर ही चूक झालीच नसती!) घसा धरला म्हणून आठवडाभर गोळ्या घेतलेल्या माणसाच्या नावावर विम्याच्या कागदात हृदयविकार चढतो. इथे सरळ 'टॉन्सिलायटिस' लिहा. 'आम्बुलांत्स' म्हणजेही बहुधा गाडी नव्हे, बाह्यरुग्ण विभाग. आणि 'लाबोर' म्हणजे प्रयोगशाळा, बाळंतकळा नव्हेत.

त्याहून घातक 'एव्हेंटुएल'. पत्राच्या शेवटच्या ओळीत 'एव्हेंटुएल ऑपरेशन' असेल तर अर्थ 'कदाचित लागेल'. 'इव्हेंच्युअली सर्जरी' लिहिलंत की ती आज ना उद्या होणारच असं ठरून जातं.

'ओ. बे.' या दोन अक्षरांवर मी सर्वांत जास्त वेळ घालवलाय. 'फुप्फुसं ओ. बे.' म्हणजे 'ओने बेफुंड', तपासात वावगं काही आढळलं नाही. 'विदाउट फाइंडिंग्ज' लिहिलं तर कारकुनाला वाटतं अहवालच जोडलेला नाही. 'नॉर्मल' वाचायला सोपं, पण डॉक्टर जेवढं बोलले त्यापेक्षा पाऊलभर पुढे जाणारं. 'नो ॲबनॉर्मॅलिटी डिटेक्टेड' बोजड आहे खरं, पण माझं मत त्यालाच.

आता दुसरी वाट कुठे अडते? 'आबोर्ट'पाशी. जर्मन वैद्यकीय भाषेत हा शब्द बहुतेकदा आपोआप झालेल्या गर्भपाताचा असतो, तर सामान्य इंग्रजी वाचकाला 'अबॉर्शन' म्हणजे करवून घेतलेला. पत्रात पुढेमागे खूण असेल तर 'मिसकॅरेज' लिहा. नसेल तर अंदाजाने एका बाईचा इतिहास ठरवू नका, विचारा. 'हा-वे-ई' या तीन अक्षरांचंही तेच. त्यांचा अर्थ मूत्रमार्गाचा संसर्ग होतो आणि हृदयाच्या मागच्या भिंतीचा झटकाही. शेजारी लघवीचा रिपोर्ट आहे की ईसीजी, ते बघा. तरी शंका उरली तर अक्षरं तशीच ठेवून तळटीप द्या.

निदानाच्या कोडला चिकटलेलं एकुलतं अक्षरही गाळू नका. 'जे १८.९' म्हणजे न्यूमोनिया. पण पुढे जर्मन 'आ' असेल तर न्यूमोनिया नाही असं ठरलंय, 'फाउ' असेल तर नुसता संशय. आकड्यांत स्वल्पविराम म्हणजे दशांशचिन्ह: '२,५ मिलिग्रॅम' म्हणजे अडीच, आणि '१.०००' म्हणजे एक हजार.

उलट्या दिशेचा धडा बर्लिनचा आहे. २००६-०७ मध्ये तिथल्या एका रुग्णालयात ४७ जणांना सिमेंटने बसवायचे गुडघ्याचे कृत्रिम सांधे सिमेंटशिवाय बसवले गेले. खोक्यावर इंग्रजीत 'नॉन-मॉड्युलर सिमेंटेड' छापलं होतं. वाचताना तो 'नॉन' सिमेंटला जोडला गेला.

तळटिपा पाहून विमा कंपनी कुरकुरते, 'एकच शब्द द्या' म्हणते. 'हा-वे-ई'साठी मी अजून एकदाही दिलेला नाही.