अलॉय ‘पावडर कोटिंग’ करून घेतले आणि टायर उतरवलेच नव्हते

ज्यांच्या गाडीचे अलॉय (मिश्रधातूच्या रिम, म्हणजे टायर ज्यावर बसतो ती चाकं) फूटपाथला घासून खरवडलेत आणि जे कुठेतरी देऊन ते नव्यासारखे करून घ्यायच्या विचारात आहेत त्यांनी हे जरा वाचा, कारण मी चार चाकांचे चौदा हजार मोजलेत आणि त्या बदल्यात मिळालं काय तर पुट्टी आणि डब्यातला स्प्रे. दुकान पूर्व उपनगरातलं, नाव टाकत नाही, तक्रार अजून चालू आहे.

ठरलं असं होतं की जुना रंग पूर्ण काढणार, सँड ब्लास्टिंग (वाळूच्या झोताने घासणं) करणार, भट्टीत पावडर कोटिंग (रंगाची पूड मारून भाजणं), पुढच्या बाजूला डायमंड कट, वरून क्लिअर कोट (पारदर्शक थर) आणि दोन वर्षं गॅरंटी. सगळं व्हॉट्सॲपवर लिहून दिलेलं. मालक बोलायला एकदम गोड, “दादा, शोरूमवाला पण ओळखणार नाही” वगैरे. पैसे जीपेने घेतले, पक्कं बिल मागितलं तर “मेलवर टाकतो”, ते आजतागायत आलेलं नाही.

गाडी हातात आली तेव्हा खरंच झकास दिसत होती, पांढऱ्या एलईडीच्या उजेडात आणि टायरला काळंकुट्ट पॉलिश थापल्यावर कुठलीही गाडी झकासच दिसते म्हणा. मग पाऊस सुरू झाला. टायरचं पॉलिश धुवून गेलं आणि रबरावर चंदेरी ठिपके दिसायला लागले, मग वॉल्व्हच्या आजूबाजूला रंग फुगला, आणि डाव्या पुढच्या चाकाची कड, जी घासलेली होती, तिथून एक अख्खा तुकडा निघून आला, खाली पिवळट पुट्टी. त्यात फ्रीवेवर 70 च्या पुढे गेलं की स्टिअरिंग थरथरायचं, आणि त्याच चाकाची हवा दर दोन-तीन दिवसांनी कमी. दुकानात फोन केला तर म्हणे पंक्चर असेल, रंगाचा आणि हवेचा काय संबंध.

शेवटी भांडुपला आमच्या नेहमीच्या टायरवाल्या काकांकडे नेली. त्यांनी चाक काढून उलटं ठेवलं आणि हसायलाच लागले. आतल्या बाजूला बॅलन्सिंगची (चाक न थरथरता फिरावं म्हणून लावतात ती) जुनी वजनं चिकटवलेली होती आणि त्यांच्यासकट वरून चंदेरी रंग मारलेला, वजनांच्या कडेला साचलेला चिखलही रंगासकट तसाच. “साहेब, टायर उतरवलाच नव्हता हो यांनी. वजनं काढल्याशिवाय कोण रंग मारतं?” मग त्यांनी मशीनवर टायर सोडवला, तर जिथपर्यंत रबर रिमला चिकटून होतं बरोबर तिथेच नवा रंग संपला होता, आत जुना रंग, जुने ओरखडे, सगळं जसंच्या तसं.

आता गंमत बघा, पावडर कोटिंग भट्टीत साधारण 180 ते 200 डिग्रीला भाजून पक्कं करतात. टायर चढवलेली रिम त्या भट्टीत घालताच येत नाही, रबराची वाट लागेल. म्हणजे टायर उतरला नसेल तर पावडर कोटिंग झालेलंच नाही, यावर वाद घालायची गरजच नाही. तरी काकांनी फडक्याला थोडं थिनर लावून रिमच्या मागच्या बाजूला पुसलं, फडकं चंदेरी झालं. नीट भाजलेलं कोटिंग असं एका पुसण्यात हाताला येत नाही.

पण खरं हादरवलं ते पुढच्या गोष्टीने. हवा कुठून जातेय बघायला त्यांनी टायर परत चढवून साबणाचं पाणी मारलं, आणि रिमच्या आतल्या कडेजवळ, खड्ड्यात आपटून रिम जिथे दबली होती तिथून बारीक बुडबुडे. नखाने रंग खरवडला तर खाली चीर, आणि त्या चिरेत एम-सील भरलेलं! घरातल्या नळाला लावतात ते एम-सील, गाडीच्या चाकाला. म्हणजे त्यांना चीर दिसली होती. मला सांगायचं सोडून बुजवली आणि वरून रंग मारला. कडेला पुट्टी लावली ही चोरी म्हणून सोडून देता येईल एकवेळ, पण हे म्हणजे माझ्या घरच्यांना तसल्या चाकावर बसवून हायवेवर पाठवणं झालं.

नटांच्या भोकांतही रंगाचा जाड थर होता. नट जिथे टेकतो ती जागा आणि रिम जिथे हबला (गाडीचा जो भाग चाकाला धरतो) चिकटते ती सपाट जागा कोरी हवी, नाहीतर चालवता चालवता मधला रंग चेपला जातो आणि नट ढिले पडतात. माझे दोन नट पान्याला अगदी सहज फिरले. चाक कधीही काढून लावलं की 50 ते 100 किलोमीटरनंतर नट परत तपासून घ्या, किती जोराने आवळायचे तो टॉर्क मॅन्युअलमध्ये दिलेला असतो.

डायमंड कटचंही तेच. खऱ्या डायमंड कटमध्ये रिम लेथवर फिरवून वरचा पातळ थर कापतात, त्यामुळे उजेडात तिरकं बघितलं की बारीक गोल गोल रेघा दिसतात. माझ्या चाकांवर रेघा कसल्या, नुसता चमकदार रंग. (आणि दर वेळी धातू कापला जातो म्हणून हे काम एका रिमवर मोजक्याच वेळा करता येतं, “कितीही वेळा करा” म्हणणाऱ्याकडून आधी निघा.)

तेव्हा काम घ्यायला गेलात तर पुढून बघत बसू नका, पुढचं सगळ्यांचंच चांगलं असतं. दुकानाबाहेर दिवसाच्या उजेडात आणायला लावा, चाक उलटं करून मागची बाजू, वॉल्व्हचं भोक, नटांची भोकं, स्पोकच्या आतले कोपरे बघा, खरवडलेल्या कडेवरून बोट फिरवा, पुट्टी असेल तर उंचसखल लागतंच. आणि रंग मारायच्या आधी नागड्या धातूचे फोटो मागा, चारही चाकांचे, मागून-पुढून, कारण चीर तेव्हाच दिसते, नंतर नाही. खरं काम करणारा हे फोटो स्वतःहून पाठवतो. जो “दादा विश्वास ठेवा” म्हणतो त्याच्याकडे पाठवायला फोटोच नसतात.

दुकानवाला आता म्हणतो की फुकट परत रंगवून देतो. नाही म्हटलं. काकांच्या इथे काढलेला व्हिडिओ, व्हॉट्सॲपचं बोलणं आणि जीपेची पावती लावून 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली आहे, त्यातून नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, तिथे 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. चीर गेलेली रिम बाद केली, काका म्हणाले वेल्डिंग करून मिळेल पण मीच नको म्हटलं. सध्या त्या बाजूला स्टेपनी लावलीय, स्टीलची, काळी, आणि चारांत तीच एक धड आहे.