एक लिटरची टर्बो, घरची पाच माणसं आणि सोलापूरचं ऊन

उन्हाळा, पावसाळा आणि उसाचा हंगाम, तिन्हींतून गाडी काढली. आता लिहायला हरकत नाही. इंजिन एक लिटर, तीन सिलिंडर, टर्बो पेट्रोल (टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा), गिअर मॅन्युअल. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई. एवढंसं इंजिन पाच माणसं ओढतं का, असं ओळखीतले सगळेच विचारतात.

ओढतं, आणि हायवेला मस्त ओढतं. तुळजापूरचा घाट गाडी भरलेली आणि एसी चालू असतानाही तिसऱ्या गिअरवर चढते. पण टर्बोची खरी किंमत कळते ती मोहोळहून पंढरपूरला जाताना. हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला, मागे दिवा नाही. अशा वेळी ओव्हरटेक झटक्यात संपला पाहिजे. समोर रस्ता मोकळा दिसला की तिसरा टाकायचा, आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्यांचा, काटा दोन हजारांच्या वर घ्यायचा आणि पाय द्यायचा, गाडी सुटतेच. आधीची आमची १.२ लिटरची साधी, बिनटर्बोची गाडी इथे नुसती ओरडायची. घरची माणसं मागे बसलेली असताना हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

गावात मात्र गोष्ट वेगळी. सात रस्त्याला गर्दीत दुसऱ्या गिअरवर गाडी हळू झाली, काटा बाराशेवर आला की पाय दिला तरी क्षणभर काहीच होत नाही, मग एकदम जोर येतो. टर्बो फिरतो एक्झॉस्टच्या वायूवर. इंजिन हळू फिरत असेल तर वायू कमी, हवा दाबली जात नाही, आणि तोवर गाडी नुसती एक लिटरची असते. त्यात एसीचा भार. म्हणून प्रत्येक स्पीड ब्रेकरला पहिला गिअर टाकावा लागतो. बायको रोज मुलांना शाळेत सोडते, आसरा चौकात रिक्षांच्या मधून गाडी काढते. तिला जुनीच गाडी बरी वाटते. रोज चालवणारी तीच, त्यामुळे तिच्या मताला माझ्यापेक्षा जास्त वजन आहे.

मायलेज पायावर आहे. हायवेला ऐंशी-नव्वदने १८ च्या आसपास, शंभरच्या वर गेलं की १४, गावात ११-१२. टर्बोने जास्त हवा भरली की पेट्रोलही तितकंच जास्त लागतं.

मे महिन्यात पारा ४३ च्या पुढे गेला की दुपारी गाडी सुस्त होते. गरम हवा विरळ असते, आणि टर्बोने दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलर तरी ती बाहेरच्या हवेपेक्षा थंड कशी करणार? नॉकिंग, म्हणजे पेट्रोल वेळेआधी आपोआप पेटणं, होऊ नये म्हणून इंजिनचा कॉम्प्युटर स्पार्क उशिरा देतो आणि ताकद कमी होते. अक्कलकोटला पहाटे निघालो की तीच गाडी किती हलकी चालते!

ऑइलबद्दल कळकळीने सांगतो. टर्बोची दांडी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते आणि तिला आधार फक्त ऑइलच्या थराचा. एका वर्कशॉपमध्ये साधं मिनरल ऑइल ओतायला निघाले होते. डबा हातात घेऊन ग्रेड वाचला म्हणून वाचलो. मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच ऑइल घाला. शाळा-बाजार एवढंच फिरणं असेल तर इंजिन नीट तापत नाही आणि थोडं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, म्हणून किलोमीटर कमी झाले तरी वर्षाला ऑइल बदला. लांबून जोरात चालवत आलात तर अर्धा-एक मिनिट इंजिन चालू ठेवून मग बंद करा.

महिन्यातून दोन-चारदा सगळे मिळून बाहेरगावी जात असाल तर बिनधास्त घ्या. गाडी विजापूर रोड ते नवी पेठ एवढीच फिरणार असेल तर १.२ लिटरचं साधं इंजिन बघा, पैसेही वाचतील. टेस्ट ड्राइव्ह होटगी रोडला मोकळ्यात घेऊ नका. भर दुपारी, एसी लावून, घरचे सगळे बसवून गर्दीत घ्या, आणि गाडी रोज जे चालवणार त्यांच्याच हातात द्या.