नागपुरात बर्डीवरचं डिजिटल प्रिंटचं दुकान : शंभर ठिपके नीट छापून मिळाले

मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. यंदाच्या प्रदर्शनात मला लात्व्हियाची दोन महायुद्धांमधली संसद, म्हणजे सायमा, दाखवायची होती. १९२२, १९२५, १९२८ आणि १९३१ या चार निवडणुकांची चार पोस्टरं. अर्धगोलात शंभर ठिपके, कारण जागा शंभर, आणि दर पक्षाला वेगळा रंग.

रंगांवरच घोडं अडलं. पाच मतदारसंघ, प्रमाणशीर प्रतिनिधित्व (म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा) आणि किमान मतांची अट नाही, त्यामुळे सभागृहात वीस-पंचवीस पक्ष. १९३१ मध्ये सगळ्यांत मोठे सोशल डेमोक्रॅट, त्यांचे २१. मग शेतकरी संघाचे १४. दोन्ही मिळून ३५, तेही एकमेकांच्या विरोधातले. बाकी लात्गाले या पूर्वेकडच्या प्रांतातले पक्ष, जर्मन, ज्यू, रशियन, पोलिश. कुणाकुणाचा एकच ठिपका. ‘इतर’ म्हणून त्यांचा राखाडी ढीग मला अजिबात नको होता. सरकारं उभी राहायची आणि पडायची ती या छोट्यांच्याच जोरावर.

आधी दुसऱ्या एका दुकानात छापून घेतलं. लात्व्हियन नावांतल्या अक्षरांवर आडव्या रेघा असतात, त्या जागी चौकोन छापून आले. पैसे गेले.

इथल्या ऑपरेटर भाऊंनी फाइल उघडल्याबरोबर फॉन्ट तपासला. मग ठिपके मोठे करून म्हणाले, “ताई, हे दोन हिरवे कागदावर एकच दिसतील जी.” त्याच कागदाची वीतभर पट्टी छापली आणि दाराशी उन्हात धरून दाखवली. खरंच एकच दिसत होते. अल्पसंख्याकांच्या पक्षांना काळी कड द्यायचं त्यांनीच सुचवलं. दोन रात्री मला जे जमत नव्हतं, ते दहा मिनिटांत झालं.

पाचव्या पोस्टरवर शंभरही ठिपके पांढरे होते. त्यांनी विचारलं, “यात रंग भरायचे राहिले का?” मी सांगितलं, नाही. १५ मे १९३४ च्या रात्री पंतप्रधान कार्लिस उल्मानिस यांनी सत्ता ताब्यात घेतली, संसद बंद केली, पक्षही बंद केले. उल्मानिस त्याच शेतकरी संघाचे, त्या १४ ठिपक्यांचे. भाऊंनी चौथं पोस्टर पुन्हा उघडून ते १४ ठिपके बोटाने मोजले.

तीन बाय दोन फुटांचं पोस्टर सनबोर्डसकट ३५० रुपयांना पडलं. कडा सरळ कापलेल्या, कोपरे उचकटलेले नाहीत. गाडी लावायला जागा नाही, आणि संध्याकाळी सहानंतर गर्दीत कुणी नीट ऐकत नाही, म्हणून सकाळी जा. डिसेंबरात अधिवेशनाच्या दिवसांत मोर्च्यांमुळे रस्ते बंद असतात, तेव्हा काम आधीच टाकून ठेवा.

१९९३ ला निवडून आलेल्या सायमाला लात्व्हियाने पाचवी म्हटलं, मोजणी चौथीच्या पुढेच चालू ठेवली. ते पोस्टरही मी यांच्याकडेच टाकणार आहे.