बेडकीचं अंडं की हेक पेशी?

आयन चॅनेलवर, म्हणजे पेशीच्या पटलातून भारित कणांना वाट देणाऱ्या प्रथिनांवर, पीएचडी सुरू करणारे विद्यार्थी भेटले की बोलणं हमखास एका प्रश्नाशी येऊन थांबतं: चॅनेलचं जनुक टाकायचं कशात? हेक २९३ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत घालून पॅच क्लॅम्प करायचा, म्हणजे काचेचं बारीक पिपेट पेशीला चिकटवून चॅनेलचा प्रवाह मोजायचा, की झेनोपस बेडकीच्या अंड्यात आरएनए टोचून दोन इलेक्ट्रोडांचा व्होल्टेज क्लॅम्प लावायचा, म्हणजे व्होल्टेज ठरवून देऊन प्रवाह मोजायचा? अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या शरीरक्रियाशास्त्र आणि पेशीपटल विभागात मी दोन्ही केलं. पहिलं दीड वर्ष हेकवर गेलं, पुढची सगळी वर्षं अंड्यांवर. त्यामुळे माझा कल कुठे आहे हे लपणार नाही. तरी तुमचं चॅनेल वेगळं असेल तर उत्तरही वेगळं असू शकतं, हे ध्यानात ठेवूनच पुढचं वाचा.

माझं चॅनेल होतं हृदयातलं संथ पोटॅशियम चॅनेल, म्हणजे केसीएनक्यू-१ आणि त्याचा जोडीदार केसीएनई-१. संथ हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. सोडियम चॅनेल एखाद्या मिलिसेकंदात उघडतं, हे उघडायला काही सेकंद घेतं. म्हणून व्होल्टेजची प्रत्येक पल्स चार-पाच सेकंदांची, आणि पुन्हा पूर्ण मिटायला वेळ द्यायचा म्हणून दोन पल्समध्ये पंधरा-वीस सेकंदांचं अंतर. व्होल्टेजच्या पंधरा पायऱ्या घेतल्या की पाच-सहा मिनिटं गेलीच. हे सगळं तीनदा: आधी, औषध दिल्यावर, औषध धुऊन काढल्यावर. मधे औषध मुरायचा वेळ धरला, तर एकाच पेशीनं अर्धा-पाऊण तास तग धरायला हवा.

हेकबद्दल मला आदर आहे. त्या पेशी माणसाच्या आहेत, ३७ अंशांना वाढतात, आज जनुक वाहणारं प्लाझ्मिड घातलं की परवा मोजता येतं. पहिल्यांदा गिगासील बसतं, स्क्रीनवरची रेघ एकदम शांत होते, तो क्षण मला अजून आठवतो. नेहर आणि साकमान यांनी १९७६ साली बेडकाच्या स्नायूवर एकेका चॅनेलचा प्रवाह दाखवला, पण पिपेट आणि पटल यांच्यातली ही घट्ट पकड १९८० च्या सुमारास सापडली आणि त्यानंतरच हे तंत्र सगळ्यांच्या हातात आलं. ते शिकणं म्हणजे हाताला एक नवी जाणीव मिळणं आहे. कोणीही निदान सहा महिने ते करावंच, असं मला मनापासून वाटतं.

मला अडलं ते वॉशआउटपाशी, म्हणजे औषध धुऊन काढण्यापाशी.

होल-सेल पॅचमध्ये पिपेटखालचं पटल फोडलेलं असतं, त्यामुळे पिपेटमधलं द्रावण हळूहळू पेशीच्या आतल्या द्रवाची जागा घेतं. या कुळातल्या चॅनेलांना उघडं राहायला पटलातला पीआयपी-२ हा लिपिड लागतो, आणि तो टिकवणारी आतली यंत्रणा अशा पेशीत मंदावत जाते. पिपेटमध्ये एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, घातलं तरी माझा प्रवाह दर पाच मिनिटांनी थोडा थोडा खाली यायचा. मग औषध दिल्यावर प्रवाह घटला तर तो औषधानं घटला की आपोआप? याची साक्ष एकाच गोष्टीतून मिळते: औषध धुऊन काढल्यावर प्रवाह परत वर येतो का. म्हणजे ज्या पेशीचं वॉशआउट झालं नाही, तिची आधीची पस्तीस मिनिटंही कामाची नाहीत.

आणि सील तुटायचं ते नेमकं तिथेच. धुण्यासाठी नळीचा खटका बदलला की प्रवाहाचा वेग किंचित बदलतो, पेशी हलते, पिपेट एखाद्या मायक्रोमीटरनं सरकतं, आणि रेघ उडी मारून स्क्रीनबाहेर जाते. मी खटके बदलून पाहिले, द्रावणाची पातळी तंतोतंत जुळवली, पेशी चिकटून राहाव्यात म्हणून काचपट्टीवर पॉली-लायसिनचा थर दिला. सुधारणा झाली, पण आठवडाभराच्या कामातून पूर्ण झालेल्या पेशी दोन, फार तर तीन. माझ्याहून सराईत हात असलेल्यांना चार मिळत असतील. माझ्या मागच्या रिगवर, म्हणजे मोजमापाच्या मांडणीवर, बसणाऱ्या मैत्रिणीचं चॅनेल जलद होतं. तिचा अख्खा प्रयोग सहा मिनिटांत आटपायचा आणि तिला ही अडचण कधी जाणवलीच नाही. म्हणून म्हणतो, निवड करण्याआधी आपला प्रोटोकॉल घड्याळ लावून मोजा.

अंड्याचं गणित वेगळं आहे. ते एक मिलिमीटरहून थोडं मोठं, नुसत्या डोळ्यांना दिसणारं. दोन टोकदार इलेक्ट्रोड आत शिरतात, पटल त्यांच्याभोवती बसतं, आणि अंडं तासभर सहज टिकतं. आतला द्रव इतका भरपूर की इलेक्ट्रोडमधून थोडं पोटॅशियम क्लोराइड झिरपलं तरी फारसं बिघडत नाही. माझा प्रवाह तासभर जवळजवळ सपाट राहायचा. खटका बदला, द्रावण जोरात सोडा, अंडं आपलं बसून असतं.

दुसरा फायदा माझ्यासाठी तितकाच मोठा ठरला. केसीएनक्यू-१ च्या चार घटकांच्या चॅनेलला केसीएनई-१ चे दोनच घटक चिकटतात की चारपर्यंत, यावर या क्षेत्रात वर्षानुवर्षं वाद झाला आहे. अंड्यात तुम्ही मोजून ५० नॅनोलिटर टोचता आणि दोन्ही आरएनएचं प्रमाण स्वतः ठरवता. हेकमध्ये डिशमध्ये प्रमाण ठरवलं तरी कुठल्या पेशीनं किती उचललं, हे त्या पेशीलाच ठाऊक. दोन्ही प्रथिनं एकमेकांना जोडून घेणं हा त्यावरचा उपाय आहे, पण त्यात प्रमाण आधीच बांधलं जातं.

अंडी निर्दोष नाहीत. याच चॅनेलच्या इतिहासात त्यांनी सगळ्यांना आठ वर्षं चकवलं. १९८८ साली क्योटोच्या गटानं उंदराचं एक इवलंसं प्रथिन शोधलं, १३० अमिनो आम्लांचं, पटलातून एकदाच आरपार जाणारं. त्याचं आरएनए अंड्यात टोचलं की संथ पोटॅशियम प्रवाह मिळायचा. एवढं छोटं प्रथिन एकट्यानं चॅनेल कसं बनवतं, यावर बरंच डोकं खपलं. १९९६ मध्ये उलगडा झाला: ते केसीएनई-१ होतं, आणि चॅनेल बनवणारं केसीएनक्यू-१ बेडकीच्या अंड्यात मुळातच होतं. म्हणून नुसतं केसीएनई-१ टोचलेली अंडी प्रत्येक खेपेला मोजायचीच, हा नियम मी कधी मोडला नाही.

शिवाय खेप खराब निघते. उन्हाळ्यात तर जास्तच, असा माझा आणि आजूबाजूच्या बऱ्याच जणांचा अनुभव. काळ्या अर्धगोलावर पांढरे डाग येतात, अंडं मऊ पडतं, इलेक्ट्रोड घातल्यावर विश्रामी व्होल्टेज शून्याकडे घसरलेलं दिसतं. सलग तीन आठवडे असे गेल्याचंही मला आठवतं. पण खराब अंडं सकाळी मायक्रोस्कोपखालीच ओळखू येतं. सुटलं तरी पहिल्या मिनिटाला व्होल्टेज सांगतं. त्यात एक सकाळ जाते. हेकमधलं अपयश मला पस्तिसाव्या मिनिटाला कळायचं, आणि दीड वर्षानंतर मनाला ते सोसेना. माझ्यापुरतं पारडं तिथेच झुकलं.

तरीही काही ठिकाणी मी हेकच सांगेन. औषधाची मात्रा माणसाला लागू पडेल अशी हवी असेल, तर अंड्यावर विसंबू नका. त्यातला पिवळा बलक तेलकट रेणू शोषून घेतो, त्यामुळे हर्ग हे हृदयातलंच दुसरं पोटॅशियम चॅनेल रोखणारी कित्येक औषधं अंड्यात कितीतरी पट कमी प्रभावी दिसतात, आणि असे रेणू धुऊन निघायलाही फार वेळ लावतात. जलद सोडियम चॅनेललाही साधा दोन इलेक्ट्रोडांचा क्लॅम्प पुरत नाही, अंड्याचं पटल भारित व्हायलाच वेळ लागतो. कॅल्शियम आत सोडणाऱ्या चॅनेलबाबत अंड्यातलं स्वतःचं क्लोराइड चॅनेल मधे येतं, तेव्हा कॅल्शियमऐवजी बेरियम वापरावं लागतं. आणि ३७ अंशांवर मोजायचं असेल तर प्रश्नच मिटला.

भारतात परतून प्रयोगशाळा थाटायचा विचार असेल तर बेडक्यांच्या टाक्या, त्यांची देखभाल आणि प्राण्यांवरील प्रयोगांसाठीच्या समितीची परवानगी हे सगळं आधीच हिशेबात धरा. हेकला एक इनक्युबेटर पुरतो. अमेरिकेत आणि युरोपात तयार अंडी कुरिअरनं पाठवणाऱ्या कंपन्या आहेत, पण अंडी जितके तास प्रवासात जातील तितकी मोजायला कमी उरतात.

हृदयातल्या किंवा मेंदूतल्या केसीएनक्यू कुळाचं काम हाती आलं असेल, आणि विभागात बेडक्या असतील, तर मात्र मी पहिल्या दिवसापासून अंडी घेईन. माझ्या शेवटच्या महिन्यातलं एक अंडं पंचावन्न मिनिटं टिकलं: आधीचं मोजमाप, औषध, धुणं, पुन्हा औषध, पुन्हा धुणं. दुसऱ्यांदा धुतल्यानंतरचा आलेख पहिल्या आलेखावर जाऊन बसला, दोन रेघा वेगळ्या दिसेनात. प्रबंधातली पहिली आकृती तीच आहे.