मरीन लायसन्ससाठी (समुद्रातल्या कामांची सरकारी परवानगी) कन्सल्टंट घेतली त्याचा अनुभव (इंग्लंड), ५ पैकी ४ स्टार

सफोकमधल्या एका खाडीवर आमचा छोटा सेलिंग क्लब आहे, मी कमिटीवर आहे. बोटी उतरवायच्या स्लिपवेचं खालचं टोक पाण्याने पार पोखरलं होतं, ते फोडून नवीन काँक्रीट टाकायचं आणि चारेक मीटर पुढे वाढवायचं ठरलं. पहिला कॉन्ट्रॅक्टर ओहोटीला येऊन बघून गेला, समोर नुसता चिखल, म्हणाला हे तर जमिनीवरचं काम, परवानगी कसली. मला काही ते पटेना, म्हणून कमिटीच्या मागे लागून मरीन लायसन्सिंगची कामं करणाऱ्या एका कन्सल्टंट बाईंना बोलावलं. नाव देत नाही कारण एक तक्रारपण आहे.

बाई मुद्दाम उधाणाच्या भरतीला आल्या. पाणी स्लिपवेच्या पार वरपर्यंत आलेलं आणि तिथेच उभं राहून त्यांनी सांगितलं की २००९ च्या मरीन अँड कोस्टल ॲक्सेस ॲक्टमध्ये उधाणाच्या भरतीची जी सरासरी रेषा आहे तिच्या खालचं सगळं समुद्रच धरतात, मग भांगाला, म्हणजे लहान भरतीला, तिथे पाणी पोचो न पोचो. नद्यांमध्येही भरती चढते तिथपर्यंत हाच नियम, थेम्सवर म्हणजे टेडिंग्टनपर्यंत. इतकं सोपं करून आम्हाला आधी कोणीच सांगितलं नव्हतं!

मग आमच्या शंका. क्लबची पोरं निखळलेले दगड हाताने उचलून नेतात, त्याला लायसन्स नको. तेच दगड डिगर किंवा बोट लावून काढले तर लागतं. पण बांधकाम असेल, म्हणजे नवीन बांधायचं किंवा आहे त्यात बदल करायचा, तर मशीन असो नसो, लागणारच. आम्ही धरून बसलो होतो की दुरुस्तीला सूट असते. सूट आहे, पण बंदराच्या कामांच्या दुरुस्तीची सूट हार्बर अथॉरिटीला (बंदर सांभाळणारी संस्था) किंवा तिच्या वतीने काम करणाऱ्याला, आपल्यासारख्या क्लबला नाही, आणि आम्ही तर लांबीच वाढवत होतो. लायसन्स न घेता काम केलं तर गुन्हा आहे, अमर्याद दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे ऐकून कमिटीत एकदम शांतता झाली.

अजून एक, काउन्सिलची प्लॅनिंगची, म्हणजे बांधकाम परवानगीची, हद्द ओहोटीच्या सरासरी रेषेपर्यंत जाते, त्यामुळे दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात दोन्हीकडे बघावं लागतं, आणि समुद्राचा तळ क्राउन इस्टेटचा (राजसत्तेच्या नावावरची मालमत्ता सांभाळणारी संस्था) असेल तर त्यांची संमती वेगळी. हे त्यांनी पहिल्याच भेटीत कागदावर काढून दिलं. अर्ज मरीन मॅनेजमेंट ऑर्गनायझेशनकडे ऑनलाइन जातो (हे इंग्लंडचं झालं, स्कॉटलंड आणि वेल्सला खाती वेगळी), त्याला जागेचे अक्षांश रेखांश डब्ल्यूजीएस ८४ मध्ये (जीपीएस वापरतं ती पद्धत) लागतात, आमचा जुना नकाशा भलत्याच ग्रिडमध्ये होता, ते त्यांनी स्वतः दुरुस्त केलं.

आता तक्रार. कोटेशनमध्ये फक्त त्यांची फी होती, सरकारी फी आणि पेपरातल्या जाहिरातीचा खर्च वेगळा पडणार हे नंतर कळलं, आम्ही वर्गणीवर चालणारा क्लब, हे आधी सांगायला हवं होतं. एक स्टार त्याचा कापला. बाकी कामात खोट नाही, ओलं काँक्रीट पाण्यात जाऊ नये म्हणून काय करायचं तेसुद्धा कॉन्ट्रॅक्टरला समोर बसवून समजावलं.

पुढच्या वर्षी स्लिपवेपुढचा गाळ काढायचाय. बोटींच्या वाटेतला गाळ, जागा मागच्या १० वर्षांत उपसलेली आणि एका खेपेला ५०० घनमीटरच्या आत, १२ महिन्यांत १५०० च्या आत असेल तर सूट मिळू शकते म्हणे, पण आमच्या शेजारीच पक्ष्यांसाठी संरक्षित जागा आहे, तिथे परिणाम होणार असेल तर ती सूट चालत नाही. त्यासाठी परत यांनाच फोन केलाय, यावेळी सगळा खर्च आधी लिहून मागितलाय.