४८ मेगापिक्सेल, १६ एक्स झूम आणि स्कोपमागचं काळं वर्तुळ

मायणी-येरळवाडीच्या तलावांवर रोहित (फ्लेमिंगो) उतरले की ‘स्कोपला, म्हणजे लांबचे पक्षी जवळ दाखवणाऱ्या दुर्बिणीला, कॅमेरा कुठला लावू?’ हा प्रश्न सांगली-साताऱ्यात हमखास निघतो. सांगलीतल्या एका पक्षीनिरीक्षकाने उत्तर फोनवरच्या जाहिरातीत शोधलं. स्पॉटिंग स्कोप, कॅमेरा त्याला जोडणारा अडॅप्टर आणि ‘४८ मेगापिक्सेल, ४के, १६ एक्स झूम’ कॅमेरा, सगळं मिळून साडेनऊ हजार, पैसे पार्सल आल्यावर. पार्सलवाल्याने आधी पैसे घेतले, खोकं नंतर उघडलं. कॅमेरा चालू होत होता, घरातले फोटोही बरे येत होते, म्हणून संशय आला नाही. आयपीसला, म्हणजे स्कोपच्या डोळा लावायच्या भिंगाला, टेकवल्यावर मात्र स्क्रीनच्या मधोमध रुपयाएवढं चित्र, भोवती सगळा काळोख.

त्या कॅमेऱ्यात पुढे-मागे सरकणारी भिंगं नव्हतीच. एकच रुंद कोनाचं, पक्क्या फोकसचं भिंग होतं. आयपीसमधलं वर्तुळ अशा भिंगाला लहान पडतं, आणि खरा ऑप्टिकल झूम असेल तरच ते वाढून चौकट भरतं. डिजिटल झूम नुसती कातरी चालवतो. १६ एक्स म्हणजे लांबीत १६वा आणि रुंदीत १६वा भाग, म्हणजे क्षेत्रफळाचा २५६वा. सेन्सर मुळात ८ मेगापिक्सेलचा असेल तर उरतात जेमतेम ३१ हजार ठिपके. त्यांनाच फुगवून ‘४८’ करतात. त्यात एक्सपोजर (फोटोत उजेड किती घ्यायचा ते) हाताने लावायची सोय नाही. भोवतीचा काळोख बघून कॅमेरा उजेड वाढवतो आणि रोहिताची पाठ पांढरीफटक होते, पिसांचा तपशील जातो.

हे दुकानातच ओळखता येतं. भिंगाभोवतीची कडी वाचा. सोनी आरएक्स१०० वर १०.४–३७.१ असे दोन आकडे आहेत, कारण त्याचं नाभीय अंतर (फोकल लेंग्थ, मिलिमीटरमध्ये) बदलतं. एकच आकडा असेल तर झूमचा दावा खोटा समजा. कडीवर छापलेल्यावरही विश्वास नसेल (नसावाच), तर झूम न करता एक आणि पूर्ण झूम करून एक असे दोन फोटो काढा आणि फाइलच्या माहितीत ‘फोकल लेंग्थ’ पाहा. आकडा तोच राहिला किंवा रकानाच कोरा असला, तर पैसे खिशातच राहू द्या.

उलट बाजूची फसवणूक जास्त गोड बोलून होते. ‘स्कोप ६० पटीचा, कॅमेरा ८३ पटीचा, गुणाकार करा साहेब!’ मोठ्या झूमचा कॅमेरा एकटा उत्तम, पण स्कोपमागे निरुपयोगी. पुढचं भिंग ६० मिमीचं असलेल्या स्कोपमधून २० पटीला बाहेर येणारी प्रकाशाची शलाका ६० भागिले २०, म्हणजे ३ मिमीचीच असते. ती त्या भल्यामोठ्या भिंगाला पुरत नाही. शिवाय झूम करताना पुढे येणारी नळी आयपीसवर आपटते आणि तिची मोटर जाते.

स्कोपला हवा तो ३ ते ४ पट ऑप्टिकल झूमचा, लहान पुढच्या भिंगाचा, मॅन्युअल मोड असलेला कॅमेरा. २०१२चा पहिला आरएक्स१०० जुना असूनही चालतो, सेन्सर १ इंचाचा आहे. पूर्ण झूमला, २० पटीच्या ६० मिमी स्कोपमागे त्याचा एकूण एफ-क्रमांक (तो जितका मोठा, तितका उजेड कमी) सुमारे १२ होतो. कडक उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४०० ला १/५०० सेकंदाचं शटर मिळतं. स्कोप ६० पटीवर नेला की एफ-क्रमांक ३७ च्या घरात जातो आणि शटर १/६० वर येतो. धरणावरच्या वाऱ्यात ट्रायपॉड हलतो, तिथे १/६० ला काही हाती लागत नाही. २० ते ३० पटीतच राहा, २ सेकंदांचा टायमर लावा. या कॅमेऱ्याला पुढे फिल्टरचे आटे नाहीत, त्यामुळे तळच्या ट्रायपॉड-स्क्रूवर बसणारा अडॅप्टर लागतो. घेण्याआधी आयपीसचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजा. एक-दोन मिलिमीटरचा फरकही कॅमेरा तिरका बसवतो, मग चौकटीची एक बाजू काळी येते.

सेकंडहँड घेताना स्वतःचा स्कोप सोबत न्या. कोयनेकडच्या दमट हवेत राहिलेल्या कॅमेऱ्याच्या भिंगात बुरशी असू शकते. टॉर्च तिरका मारला की जाळं दिसतं.

कॉम्बोतला स्कोपही तपासा. त्यावर ‘२५–७५×७०’ (२५ ते ७५ पट, पुढचं भिंग ७० मिमी) असेल तर २५ पटीवर आयपीसपासून हातभर मागे राहून दिसणारं उजळ वर्तुळ २.८ मिमीचं हवं. २ मिमी भरलं तर आत पट्टी टाकून भिंग ५० मिमीचं केलंय.

फसलाच असाल तर खोकं, बिल आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार विक्रेता कुठलाही असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. मुदत २ वर्षांची आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.