साडेतीनशेची बाटली आणि व्हिनेगरचं पाणी
राजारामपुरीतल्या आमच्या हॉलला लॅमिनेटची फरशी बसवली तेव्हा दुकानदारानं साडेतीनशेची क्लीनरची बाटली गळ्यात मारली. पुसलं की चिकट थर, त्यावर पायांचे ठसे! शेवटी पांढरं व्हिनेगर आणलं. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे, बास. मायक्रोफायबरचं फडकं घट्ट पिळायचं, पाठोपाठ कोरडं फिरवायचं. वास थोड्या वेळात जातो. रविवारी सांडलेल्या तांबड्या रश्श्याचा तवंग मात्र नुसत्या व्हिनेगरला दाद देईना; भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब लागला. सासूबाईंनी एकदा सवयीनं बादलीभर पाण्यानं फरशी पुसली, दाराजवळचे सांधे फुगले ते फुगलेच. आत दाबलेला लाकडाचा लगदाच की तो! बाटली अजून अर्धी आहे, कुणाला हवी तर न्या.